नजर टेकवायचा पाचू

पाचू घ्यायला आलेला माणूस आधी मला गोष्ट सांगतो. मी खड्यांना पैलू पाडते, गोष्टी ऐकणं हे माझं काम नाही, पण ऐकून घ्यावं लागतं. कोणाला कुठूनतरी कळलेलं असतं की पाचूकडे पाहिलं की साप आंधळा होतो. कोणी सांगतं की तो जिभेखाली ठेवला की उद्याचं आज दिसतं. एका बाईंनी तर अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं होतं, की नवरा खोटं बोलला तर अंगठीतला पाचू तडकतो हे खरं का. मी म्हटलं, तसं असतं तर बाजारात एकही अखंड पाचू मिळाला नसता. त्या हसल्या नाहीत, आणि त्यांनी खडाही घेतला नाही.

असल्या गोष्टींना मी जन्मभर नाक मुरडत आले. आमच्याच घरात मात्र तसली एक गोष्ट तीन पिढ्या टेबलावर मांडून ठेवलेली होती, आणि तिच्याकडे माझं कधी लक्ष गेलं नाही.

तो सुपारीएवढा पाचू आजोबांनी आणला होता. कुठल्या खाणीतला, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. एक बाजू घासून खिडकीच्या काचेसारखी गुळगुळीत केलेली, बाकी सगळा खडबडीत. तो विकायचा नाही, कापायचा नाही. चाकावर अर्धा तास काम झालं की मान वर करायची, तो हातात घ्यायचा आणि त्या खिडकीतून आत मिनिटभर बघत बसायचं. हिरव्या रंगाने डोळ्यांचा शीण जातो असं जुने कारागीर मानत. फार पूर्वी, खड्यांवर बारीक नक्षी कोरणारी माणसं हाताशी पाचू ठेवत म्हणे. मला यात काही वावगं दिसलं नव्हतं. हिरवळीकडे पाहून कोणालाही बरंच वाटतं.

आजोबांचे डोळे चौपन्नाव्या वर्षी गेले, बाबांचे छप्पन्नाव्या. दगडाची धूळ, दिव्याचा उजेड, दिवसभर एका बिंदूवर नजर, म्हणून असं होतं, असं लोक म्हणायचे आणि आम्हीही तेच म्हणायचो. बाबांची दृष्टी गेली तेव्हा मी एका मोठ्या दुकानात खडे तपासायची नोकरी करत होते. ती सोडली आणि घरच्या टेबलावर येऊन बसले. याला नऊ वर्षं झाली.

बाबा शेजारच्या खोलीत पलंगावर असायचे. मधलं दार सताड उघडं. मी चाक सुरू केलं की आतून त्यांचा आवाज यायचा. कोन चुकतोय. उजव्या हातावर जोर देतेयस. पाणी कमी पडतंय चाकाला. नऊ वर्षांत माझी एक चूक म्हणून त्यांच्या हातून सुटली नाही. मी येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगायचे, की आमचे बाबा चाकाच्या आवाजावरून कोन ओळखतात. आणि दर अर्ध्या तासाने, घड्याळ लावल्यासारखं, "बयो, डोळे टेकव जरा."

मी टेकवायचे.

गेल्या थंडीत माझ्या नजरेच्या मधोमध धूसर आलं. कडेचं नीट दिसायचं, पण ज्याच्याकडे बघावं ते पुसट. वाफ धरलेल्या चष्म्यातून बघावं तसं. खड्याची धार मला बोटाने चाचपावी लागायला लागली. पैलू पाडणाऱ्याचे डोळे गेले की उरतं काय, ते मी शेजारच्या खोलीत रोज बघत होते. मला त्रेचाळिसावं लागलं होतं. आजोबांपेक्षा अकरा वर्षं आधीच माझी पाळी आली होती.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तीन वेळा तपासलं. यंत्रावर हनुवटी टेकवून टेकवून तिला वळ पडला. शेवटी ते म्हणाले की डोळे अगदी ठणठणीत आहेत. मी विचारलं, मग मला तुमचं नाक का दिसत नाही. त्यांच्या आधीच्या डॉक्टरांनी बाबांनाही हेच सांगितलं होतं, अगदी याच शब्दांत.

घरी आले ती धुमसतच. बाबांना काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हाताला चाळा म्हणून जुन्या नकाशांच्या वह्या काढल्या.

नकाशा म्हणजे काय ते सांगते. कुठलाही खडा कापण्याआधी आम्ही तो भिंगाखाली धरतो आणि आत कुठे चीर आहे, कुठे डाग आहे, ते कागदावर काढतो. पाचूला तर याशिवाय हातच लावता येत नाही. पाचू तयार होणं हाच मुळात जमिनीखालचा अपघात आहे. त्याला दोन धातू लागतात. एक वितळलेल्या खडकाच्या शेवटच्या कढत पाण्यातून येतो, दुसरा भलत्याच ठिकाणच्या काळ्या दगडात असतो, आणि एरवी या दोघांची गाठ पडायची नाही. डोंगर एकमेकांवर रेटले जातात तेव्हा कुठेतरी ती पडते. असल्या रेटारेटीत वाढलेला खडा निखळ कुठून असणार? तो चिरांनी भरलेला असतो. व्यापारी त्याला लाडाने बाग म्हणतात आणि चिरा दिसू नयेत म्हणून खड्याला देवदाराचं तेल पाजतात. काही खड्यांत बारीक पोकळ्याही असतात. पोकळीत खारं पाणी, पाण्यात हवेचा एक बुडबुडा. कोट्यवधी वर्षांपूर्वी कोंडलं गेलेलं पाणी. खडा कलला की बुडबुडा हलतो. दुकानात असताना मी तासन्‌तास ते बघायचे.

आजोबांच्या वहीत टेबलावरच्या पाचूचा नकाशा सापडला. आणला त्याच वर्षीचा. तीन चिरा, एका कोपऱ्यात पांढुरका ढग, बाकी साफ. आजोबांचा हात असा, की केसाएवढी रेघ सुटायची नाही. मग बाबांच्या वहीतही तोच खडा दिसला. आजोबांचे डोळे गेल्यावर टेबल बाबांकडे आलं, तेव्हाचा. त्याच तीन चिरा, तोच ढग. आणि खोलवर, शेजारी शेजारी, दोन पोकळ्या. प्रत्येकीत एक बुडबुडा.

मी आधी आजोबांनाच दोष दिला. म्हटलं, एवढा मोठा कारागीर आणि पोकळ्या सुटल्या. कारण खड्याच्या आत नवी पोकळी होत नाही. जे काही व्हायचं ते जमिनीखाली असताना होऊन गेलेलं असतं.

मी स्वतः तो नकाशा कधी काढला नव्हता. कापायचाच नाही त्याचा नकाशा कशाला? पण आता खाज सुटली. बाबा दरवर्षी आठवणीने त्या खड्याला तेल पाजायला लावायचे, त्यामुळे आतलं धड दिसेना. म्हणून मी काचेच्या वाडग्यात ॲसिटोन ओतलं आणि खडा त्यात बुडवून ठेवला. तेल निघायला तीन-चार तास लागतात. तोवर मी दुसरं काम करत बसले. त्या सकाळी बाबांनी आतून माझी एकही चूक काढली नाही. झोपले असतील असं मला वाटलं.

दुपारी खडा बाहेर काढला, पुसला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मधलं धूसर चुकवत, डोकं वाकडं करून, एका कडेने बघायला लागले. खालचा दिवा लावला.

पोकळ्या सहा होत्या.

दोन खोल, बाबांनी काढलेल्या. दोन त्यांच्या वर, मध्यावर. आणि दोन अगदी खिडकीला लागून, लहान आणि अजून कडा न धरलेल्या, दुधावर साय यायला लागते तशा. सगळ्या जोडीजोडीने. जोडीतलं अंतर सारखं, प्रत्येकीत गोल काळसर बुडबुडा. मला कळायचं ते तेव्हाच कळलं होतं, पण मी ते मनात येऊ दिलं नाही. खडा चिमट्यात घट्ट होता, मी श्वासही घेत नव्हते. तरी मधल्या जोडीतले दोन्ही बुडबुडे हळूच सरकले आणि माझ्या बाजूला येऊन थांबले.

आतून बाबांचा आवाज आला. "बयो, तो खालचा दिवा बंद कर गं. डोळ्यांवर येतोय."

नऊ वर्षं त्यांना दुपारचं ऊनही कळलेलं नव्हतं.

मी दिवा बंद केला. मग उठून त्यांच्या खोलीत गेले. ते पलंगावर बसले होते, तोंड भिंतीकडे. मी काही विचारण्याआधीच म्हणाले, "बस."

मी बसले नाही. त्यांनी सांगितलं ते मी उभ्यानेच ऐकलं. त्यांची दृष्टी गेली त्याच दिवशी, पलंगावर पडल्या पडल्या, त्यांना कामाचं टेबल दिसलं होतं. हिरवं, वाकडं, पाण्याखालून दिसावं तसं. चाक, दिवा, भिंतीवरचं कॅलेंडर. मग माझे हात. आवाजावरून ते काही ओळखत नव्हते, त्यांना दिसत होतं. आणि दर अर्ध्या तासाने मी खडा उचलून आत बघायचे तेव्हा माझा अख्खा चेहरा त्यांच्यासमोर यायचा, इतका जवळ की पापण्या मोजता याव्यात.

"आजोबांनाही?" मी विचारलं.

"त्यांनी मला कधी सांगितलं नाही. माझे डोळे गेले तेव्हा उमगलं, की इतकी वर्षं ते मलाच बघत होते." मग ते म्हणाले, "अजून बघतात. माझ्या मागून. मी तुझ्याकडे वळलो की तेही वळतात."

आजोबांना जाऊन तेव्हा एकवीस वर्षं झाली होती.

मला भीती वाटली, पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा राग जास्त होता. असला राग मला बाबांचा आयुष्यात आला नव्हता. मी ओरडले नाही. विचारलं, की डोळे टेकवल्याने काय होतं ते ठाऊक असताना तुम्ही मला रोज टेकवायला सांगितलंत, दिवसातून पंधरा वेळा, नऊ वर्षं?

"सांगितलं असतं तर तू बघायची थांबली असतीस," बाबा म्हणाले.

माणूस खोटं बोलला असता तर भांडता तरी आलं असतं. मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि तिथेच दगडावर बसून रडले. त्यांच्यावर चिडून रडले, आणि ते नऊ वर्षं माझ्याकडे बघत होते हे मला कुठेतरी आवडलं म्हणूनही रडले. ते जास्त लागलं.

परत आले तेव्हा ते भिंत चाचपत टेबलापर्यंत येऊन, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते. म्हणाले, की खडा चाकाला लाव. वरपासून खालपर्यंत घासून टाक, पीठ कर. तुझी जोडी अजून कच्ची आहे, ती गेली तर तुझं तुला परत मिळेल.

"आणि तुमची?"

"सगळा घास. तुझी तेवढी काढून थांबशील, खडा माझ्या उशाशी ठेवशील, मला ठाऊक आहे तुझं. पण चार दिवसांनी मी तुला हाक मारीन. म्हणेन, बयो, जरा चेहरा दाखव. आणि तू दाखवशील. माझा मला भरवसा नाही."

मी हो म्हटलं. मनात मात्र ठरवलं होतं, की खिडकीकडचा एक पापुद्रा तेवढा काढायचा आणि थांबायचं. त्यांची जोडी मध्यावर होती, तिला धक्का लागायचं कारण नव्हतं. खडा त्यांच्या खोलीत खिडकीच्या बाहेर तोंड करून ठेवला असता. रस्ता दिसला असता त्यांना, झाडं दिसली असती. हाक मारली तरी मी गेले नसते. असं मला त्या वेळी अगदी खात्रीने वाटत होतं.

खडा लाकडी काडीच्या टोकाला चिकटवला. चिकटवलेलं घट्ट होईपर्यंत वेळ होता. बाबा म्हणाले, "डोळे मिट आणि तो तुझ्या तोंडासमोर धर."

मी डोळे घट्ट मिटले आणि धरला. हाताला रग लागेपर्यंत धरून ठेवला. मग त्यांनी विचारलं, "केस पिकलेत का गं तुझे? मला सगळं हिरवंच दिसतं."

"कानाजवळ थोडे."

"आईसारखे," ते म्हणाले. आईचे तिथूनच पिकायला लागले होते.

मी चाक सुरू केलं. त्यावर पाणी थेंबथेंब सोडलं आणि खडा टेकवला. पहिल्या घासण्याला बाबांनी खुर्चीच्या हातांची पकड घट्ट केली. आपल्याकडे येणारं चाक त्यांना दिसत असणार, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी चाक थांबवायला पाय उचलायला लागले तर म्हणाले की चालू ठेव. मग नेहमीच्या आवाजात सांगायला लागले. जरा डावीकडे. जोर कमी. आता सरळ. मी ऐकत गेले, हात आपोआप वळत गेला. माझ्या मधल्या धूसरात मला खड्याची कडही दिसत नव्हती, त्या घटकेला आम्हां दोघांत बघणारे तेच होते.

आणि धूसर गेलं. कोणी फडक्याने पुसून घ्यावं तसं. समोर चाक दिसलं, त्यावरची प्रत्येक रेघ दिसली, माझ्या अंगठ्याची फाटलेली कड दिसली. मी पायाखालची कळ सोडली.

"झालं," मी म्हटलं.

"नाही," बाबा म्हणाले. "डावीकडे एक कोपरा राहिलाय. तेवढा घे, नाहीतर पुन्हा धरेल. अर्धा टेक फक्त."

नऊ वर्षांत त्यांनी काढलेली चूक कधी खोटी निघाली नव्हती. मी चाक सुरू केलं आणि डावा कोपरा टेकवला.

काच तडकल्याचा आवाज होतो तसा झाला, पण बारीक. हातातली काडी एकदम हलकी झाली. खडा चिरांवरून फुटून गेला होता, टेबलभर, मांडीवर, जमिनीवर. चाक फिरत राहिलं. बाबांच्या तोंडून एक लहानसा श्वास निघाला, आणि त्यांचे हात खुर्चीवरून सुटून मांडीत पडले.

तेव्हा माझी नजर वाडग्यावर गेली. ॲसिटोनच्या तळाशी पिवळसर तेल उतरलेलं होतं. तेल काढलेला पाचू चाकाला लावायचा नाही. कोरड्या चिरा चाकाची ऊब धरतात आणि उघडतात. हे बाबांनी मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. शिकाऊ माणसानेही ही चूक केली नसती. रागाच्या भरात मी ती केली होती.

"कोरडा होता," मी म्हटलं. "बाबा, तो कोरडा होता."

"हो. सकाळी वाडग्यात टाकलास तेव्हा मी आतच होतो की," ते म्हणाले.

माझी प्रत्येक चूक पकडणारा माणूस तेव्हा गप्प राहिला होता. आणि कोपराबिपरा काही राहिला नव्हता.

मी त्यांचे हात हातात घेतले. ते थंड होते. मग तुकडे गोळा करायला लागले. माझ्या बोटांना ओल लागली, चाकावरच्या पाण्यापेक्षा बरीच जास्त. का कोण जाणे, मी बोट जिभेला लावलं. चाकाला आम्ही नळाचं पाणी वापरतो. हे खारट होतं.

मला आता स्वच्छ दिसतं. डॉक्टर म्हणाले, मी म्हणत नव्हतो का. बाबा पुन्हा पलंगावर असतात, मधलं दार उघडं असतं. सवयीने ते अजून म्हणतात, कोन चुकतोय. बहुतेक वेळा काहीच चुकत नसतं. मी चाक थांबवते, क्षणभराने पुन्हा सुरू करते आणि म्हणते, हो बाबा, आता बरोबर आहे. डोळे टेकव असं मात्र ते कधी म्हणत नाहीत.

सगळ्या तुकड्यांचं मी खलात कुटून पीठ केलं. पण कुटण्याआधी, आमच्या सवयीप्रमाणे, ते जुळवून पाहिले होते. खोलवरच्या बाजूचा एक तुकडा कमी भरला, तांदळाच्या दाण्याएवढा. तिथे आजोबांची जोडी होती. मी तेव्हा फार मनावर घेतलं नाही.

गेल्या मंगळवारी मी काम करत होते तेव्हा बाबा आतून सहज म्हणाले, "बयो, ओढणी आवर, चाकात जाईल." मी खाली पाहिलं. ओढणीचं टोक चाकापासून दोन बोटांवर लोंबत होतं. ओढणीचा काही आवाज नसतो; आजोबांच्या जोडीतून का होईना, त्यांना खालून कुठूनतरी दिसत होतं.

मी त्यांना काही विचारलं नाही, त्यांनीही काही सांगितलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र कित्येक दिवसांनी थोडं हसू होतं. तेव्हापासून रोज काम संपलं की मी टेबलाखाली गुडघ्यांवर बसते आणि फरशीच्या फटी बोटांनी चाचपते. तो तुकडा सापडला तर फोडायचा, असं मी स्वतःला सांगते. शोधताना डोळे घट्ट मिटलेले ठेवते, आणि रोज ते मिटलेले ठेवणं थोडं जास्त जड जातं.